तान्ह्या मुलांचीं किरकोळ दुखणीं

पंचांगांत अमावास्या-पौर्णिमा जशा ठरलेल्या, तशींच लहान मूल असलेल्या घरांत कांहीं दुखणींहि ठरलेलीं असतात. पावसाळा लागला कीं पोट बिघडावें, थंडी पडली कीं नाक वाहूं लागावें, आणि मध्येंच एखाद्या रात्रीं अंग तापून बाळानें साऱ्या घराला जागें ठेवावें, हा क्रम कोणत्याहि घराला चुकलेला नाहीं. हीं दुखणीं किरकोळ म्हणून ओळखलीं जातात, आणि बहुतेक वेळां तीं किरकोळच असतात. औषध दिलें काय आणि न दिलें काय, चार-आठ दिवसांत तीं आपोआप बरीं होतात.

तथापि मृत्यूहि याच वाटेनें येऊं शकतो, हें विसरून चालत नाहीं. पांच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत जुलाब आणि फुप्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया, हीं दोन कारणें आजहि गणलीं जातात. आणि पहिल्याची सुरुवात चार पातळ शौचांनीं, तर दुसऱ्याची अनेकदां साध्या सर्दी-खोकल्यानें होते. मग किरकोळ कोणतें आणि भारी कोणतें, हें घरच्या माणसांनीं ओळखावें कसें? दुखण्याच्या नांवावरून तें कळत नाहीं. मुलाची मुद्रा, त्याचा श्वास, त्याचें पिणें आणि त्याची लघवी यांवरून तें कळतें. त्यासाठीं वैद्यकाची पदवी लागत नाहीं. सेकंदाचा काटा असलेलें घड्याळ, वाटी-चमचा आणि सावध नजर एवढें पुरें होतें.

मूल आजारी पडलें म्हणजे घरांत बहुधा दोन पक्ष उभे राहतात. आजीचा पक्ष सहाणेचा आणि बाळगुटीचा, तर आईबापांचा पक्ष बाटलींतील औषधाचा. दोन्ही पक्षांत एक गोष्ट मात्र समान असते, आणि ती म्हणजे मुलाच्या पोटांत तत्काळ कांहींतरी घातलेंच पाहिजे ही घाई. वस्तुतः या दुखण्यांत मुलाला औषधापेक्षां पाणी, अन्न आणि विश्रांति यांची गरज अधिक असते. या तीन गोष्टी मिळत राहिल्या, आणि दुखणें वळण बदलीत आहे हें वेळेवर ध्यानांत आलें, तर बहुतेक किरकोळ दुखणीं किरकोळच राहतात.

प्रथम जुलाबांचा विचार करणें इष्ट होय. केवळ आईच्या दुधावर असलेलें मूल दिवसांतून अनेक वेळां पिवळसर, मऊ शौच करतें. तो रोग नव्हे. नेहमींपेक्षां शौच एकाएकीं पाण्यासारखें पातळ व्हावें आणि दिवसांत तीन किंवा अधिक वेळां व्हावें, याला जुलाब म्हणावें. अशा वेळीं पुष्कळ घरांत एक समज डोकें वर काढतो. पाणी दिलें कीं जुलाब वाढतात, म्हणून पोटाला विसावा द्यावा, असा तो समज आहे. याच्यासारखा घातक समज दुसरा नाहीं. जुलाब झालेलें मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळें. मोठ्या माणसाला जें पाणी गमावल्याचें कळतहि नाहीं, तेवढ्यानें सात-आठ किलोचें मूल मलूल होतें.

या संबंधांत एका जुन्या लक्षणाची आठवण करून देणें अवश्य आहे. तान्ह्याची टाळू खोल गेली कीं जुन्या घरांत ती तेलानें भरीत, आणि कोठें कोठें बोटानें मुलाचा ताळू वर उचलण्याचाहि प्रयत्न होई. टाळू खोल गेली हें निरीक्षण अगदीं खरें होतें. त्या बायकांची नजर चुकलेली नव्हती. चुकला तो उपाय. शरीरांतील पाणी आटलें म्हणून टाळू खालीं बसते. ती वरून तेल घालून भरत नाहीं, तोंडानें पाणी आणि क्षार दिल्यानें भरते.

हा उपाय केवढा बलवान आहे, याची साक्ष १९७१ सालीं मिळाली. त्या वर्षीं पूर्व बंगालमधून लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले, आणि सरहद्दीजवळच्या बनगांव येथें पटकीची सांथ पसरली. रोगी जमिनीवर दाटीवाटीनें पडलेले, शिरेंतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या, आणि तें देणारीं शिकलेलीं माणसें थोडीं. अशा स्थितींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं एक धाडसी निर्णय घेतला. दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाच्या पुड्या कलकत्त्यास भरवून त्यांनीं छावणींत आणविल्या. तें पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिलें, आणि तें पाजण्याचें काम आया, बहिणी व भाऊ यांनीं केलें. पूर्वीं तेथें शेंकडा ३० च्या आसपास रोगी दगावत होते. हें पाणी घेणाऱ्यांत तें प्रमाण शेंकडा चाराच्याहि खालीं आलें. १९७८ सालीं 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यक-नियतकालिकानें या उपचारामागील शोधाची गणना शतकांतील सर्वांत महत्त्वाच्या संभाव्य शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ सालीं वारले. पुढच्या वर्षीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालें. जें पाणी त्या छावणींत अप्रशिक्षित हातांनीं पाजलें गेलें, तें कोणत्याहि सुशिक्षित घरांत नीट पाजतां येईल, यांत संशय नाहीं.

त्या मिश्रणांत जादू नाहीं, शरीराचा एक नियम आहे. आंतड्याच्या अस्तरांतून मीठ आणि ग्लुकोज हीं जोडीनें आंत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातें. जुलाबांत बाकीचीं दारें बिघडलीं तरी हें दार बहुधा उघडें राहतें. मात्र प्रमाण सांभाळलें पाहिजे. साखर अधिक झाली तर ती शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ अधिक झालें तर रक्तांतील क्षार वाढून अपाय होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं सुधारून घेतलेल्या सूत्रांत दर लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतें. औषधाच्या दुकानांत 'ओ. आर. एस.' या नांवानें मिळणारी पुडी या सूत्राची आहे कीं नाहीं, हें तिच्यावर वाचून घ्यावें. गोड चवीचीं तयार पेयें याच नांवाखालीं विकलीं जात असत. सूत्राबाहेरच्या पेयांवर हें नांव घालण्यास अन्न-सुरक्षा प्राधिकरणानें २०२५ च्या ऑक्टोबरांत मनाई केली. तीं पेयें म्हणजे ओ. आर. एस. नव्हेत.

पुडीवर जेवढें पाणी लिहिलें असेल तेवढेंच मोजून घ्यावें. लिटरची पुडी असेल तर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यांत ती सबंध कालवावी. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यांत अंदाजानें टाकण्याची संवय वाईट. कालवलेलें पाणी झांकून ठेवावें आणि चोवीस तासांनंतर उरलेलें ओतून द्यावें. रात्रीं-अपरात्रीं पुडी मिळालीच नाहीं, तर एक लिटर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून तात्पुरतें काम भागवावें.

पाजण्याची रीतहि महत्त्वाची आहे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्यावें. बाटलीनें घटाघटा पाजलें तर मूल ओकतें आणि घरचीं माणसें निराश होऊन पाणी बंद करतात. वाटी-चमचा घ्यावा आणि एक-दोन मिनिटांनीं एक चमचा या गतीनें द्यावें. वांति झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां अधिक सावकाश सुरू करावें. काम कंटाळवाणें आहे. म्हणूनच तें घरांतील दोघांनीं वांटून घ्यावें.

आईचें दूध एक दिवसहि बंद करूं नये. वरचें अन्न घेणाऱ्या मुलास मुगाच्या डाळीचें खिमट, मऊ भात, पेज, केळें, ताजें ताक असें थोडें थोडें, पण नेहमींपेक्षां अधिक वेळां द्यावें. यांच्या जोडीला डॉक्टर जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या देतात. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या मुलास १० मिलिग्रॅम, असे चौदा दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले म्हणून पुढील गोळ्या सोडूं नयेत, कारण आंतड्याची झीज भरून येण्यास तो काळ लागतो. मोठ्या माणसांच्या जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या मात्र मुलांस कदापि देऊं नयेत.

दुसरें नेहमींचें दुखणें ताप. ताप हा स्वतः रोग नव्हे. जंतूंशीं झगडणाऱ्या शरीराची ती खूण आहे. हात लावून ताप ठरवूं नये, तापमापक बगलेंत धरून आंकडा लिहून ठेवावा. ताप १०१ अंश असून मूल खेळत असेल, पीत असेल, तर घाबरण्याचें कारण नाहीं. ताप १०० अंश असून मूल निपचित पडलें असेल, तर मात्र थांबूं नये. एक अपवाद सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला ताप आला, तर घरगुती उपाय न करतां त्याच दिवशीं, रात्र असली तर त्याच रात्रीं, डॉक्टरांकडे न्यावें. इतक्या लहान वयांत गंभीर रोगहि ताप या एकाच लक्षणानें प्रकट होऊं शकतो.

ताप आला कीं मुलाला गोधडींत गुंडाळून घाम आणण्याची जुनी चाल सोडावी. अंगांत एकच सुती झबलें ठेवावें, खोलींत हवा खेळती ठेवावी आणि पिण्यास वरचेवर द्यावें. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवण्याची रीत आहे. मिठाचा कांहीं उपयोग नाहीं, पण साध्या कोमट पाण्यानें अंग पुसल्यास मुलाला बरें वाटतें. बर्फ किंवा स्पिरिट मात्र अंगाला लावूं नये.

तापाच्या औषधांत पॅरासिटामॉल हें सर्वांत परिचित आहे, आणि येथें शाळेंतील त्रैराशिक कामास येतें. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. दर किलोस १५ मिलिग्रॅम हा सर्वसाधारण नियम होय. मूल १० किलोचें असेल, तर एका वेळेस १५० मिलिग्रॅम. परंतु बाजारांत याच औषधाचे निरनिराळे प्रकार मिळतात. थेंबांच्या बाटलींत १ मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम, एका प्रकारच्या सिरपच्या ५ मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम, तर दुसऱ्याच्या ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम औषध असतें. त्याच १५० मिलिग्रॅमसाठीं पहिल्याचें दीड मिलिलिटर, दुसऱ्याचें सव्वासहा, आणि तिसऱ्याचें तीन मिलिलिटर लागतें. मागच्या वेळीं सहा मिलिलिटर दिलें होतें म्हणून नव्या, तीव्र सिरपचेंहि सहा मिलिलिटर दिलें, तर मात्रा दुप्पट होते. थेंबांच्या बाटलींतून तेवढें दिलें, तर चौपट. अशी चूक वारंवार झाली, तर यकृताला इजा होते. म्हणून डॉक्टरांनीं लिहून दिलेली मात्रा आणि बाटलीवरील आंकडा हीं दोन्ही प्रत्येक वेळीं ताडून पाहावीं, घरच्या चमच्याऐवजीं बाटलीबरोबरचें माप वापरावें, दोन मात्रांत चार ते सहा तासांचें अंतर ठेवावें आणि दिवसांत चार मात्रांपलीकडे जाऊं नये. ॲस्पिरिन मुलांना तापासाठीं देऊं नये. त्यानें यकृत व मेंदू यांना घातक असा विकार क्वचित् जडतो.

सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या कांहीं मुलांना तापांत आंकडी येते. तें दृश्य पाहून धीराचीं माणसेंहि गोंधळतात. त्या वेळीं मुलाला एका कुशीवर वळवावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे आणि घड्याळ पाहावें. दांतखीळ उघडण्यासाठीं तोंडांत चमचा घालणें, पाणी पाजणें, कांदा किंवा चामडें हुंगविणें, हे प्रकार सर्वथा टाळावे. बहुतेक आंकड्या थोड्या मिनिटांत आपोआप थांबतात. पांच मिनिटांवर गेली तर तत्काळ रुग्णालय गांठावें. पहिली आंकडी थांबली तरी मुलाला डॉक्टरांना दाखवून घ्यावें.

तिसरें दुखणें सर्दी-खोकल्याचें. हा बहुधा विषाणूंचा प्रताप असतो आणि त्याला मारणारें औषध नाहीं. जंतुनाशक औषधें, म्हणजे अँटिबायोटिक, येथें निरुपयोगी ठरतात. नाक चोंदल्यामुळें तान्ह्याला दूध ओढतां येत नाहीं, ही खरी अडचण. त्यासाठीं पाजण्यापूर्वीं नाकांत सलाइनचे दोन थेंब घालून नाक हलक्या हातानें पुसावें. नाकांत वा कानांत तेल मात्र सोडूं नये. नाकांतलें तेल श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरून दाह करतें. न्हाऊ घातल्यानंतर शेगडीवर ओवा, वेखंड, धूप टाकून देण्यांत येणारी धुरी हाहि त्याच जातीचा अपकार होय. ज्या नाजूक वाटा आधींच सुजल्या आहेत, त्यांतून धूर जाऊं देणें कोणाच्याहि हिताचें नाहीं. न्हाणें, तेल लावून चोळणें आणि उबेंत निजविणें, या आजीच्या रीतींतील उत्तम भाग ठेवावा आणि धूर तेवढा वगळावा.

वर्षावरील मुलास खोकल्यासाठीं अर्धा चमचा मध चाटविल्यास आराम पडतो. वर्षाच्या आंत मात्र मधाचा थेंबहि नको, जन्मानंतर चाटविण्याच्या रिवाजापुरतासुद्धां नको; मधांत कधीं कधीं असणारीं एका जंतूचीं बीजें तान्ह्याच्या आंतड्यांत रुजून अंग लुळें करणारें विष निर्माण करतात. खोकल्याच्या सिरपविषयीं तर आतां सरकारनेंच इशारा दिला आहे. दूषित सिरप पिऊन मध्य प्रदेशांत मुलें दगावल्यानंतर, २०२५ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानें असा सल्ला दिला कीं, दोन वर्षांखालील मुलांस सर्दी-खोकल्याचीं औषधें देऊं नयेत, आणि पांच वर्षांखालील मुलांनाहि सामान्यतः तीं योग्य नाहींत.

सर्दींतून न्यूमोनिया केव्हां उपजला, हें कळण्याची किल्ली श्वास मोजण्यांत आहे. मूल शांत असतां, शक्य तर निजलेलें असतां, झबलें वर करून पोटाचें वरखालीं होणें पूर्ण एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये. श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, किंवा मूल कण्हत असेल, तर तें त्याहून गंभीर समजावें. हें काम खेड्यांतील साध्या माणसांनीं करून दाखविलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूमोनिया ओळखण्याचें शिक्षण गांवांतील कार्यकर्त्यांना आणि सुइणींना दिलें. ज्यांना साठापर्यंत मोजणें जड जाई, त्यांच्यासाठीं मणी आणि एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ असलेलें एक साधन त्यांनीं तयार केलें. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वींच लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजावयाचा. या कामानें तेथील बालमृत्यूंत घट झाली. ज्या घरांत भिंतीवर घड्याळ आहे, त्या घरानें हें मोजमाप अवघड मानूं नये.

उरतात दोन लहान तक्रारी. दांत येतांना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल चिडचिडें होतें. स्वच्छ बोटानें हिरड्या चोळणें एवढा उपाय पुरतो. परंतु भारी ताप किंवा जुलाब यांचें खापर दांतांवर फोडूं नये. दांत येतात सहाव्या महिन्याच्या सुमारास, आणि त्याच सुमारास मूल रांगूं लागतें, हातीं येईल तें तोंडांत घालतें. जुलाबांचें कारण बहुधा तेथें असतें. 'दांत येताहेत' या समजुतीनें दोन दिवस दवडले गेल्यामुळें घात झाल्याचे प्रसंग डॉक्टरांना नवे नाहींत.

दुसरी तक्रार संध्याकाळच्या रडण्याची. पोटभर पिणारें, वाढणारें बाळ दिवेलागणीस तासन् तास रडतें. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हें रडणें कळसास पोंचतें आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत आपोआप ओसरतें. त्याला खांद्यावर घेऊन ढेंकर काढावी, फिरवावें, झुलवावें. झोंपविण्यासाठीं पोटांत कांहीं घालण्याचा मोह मात्र आवरावा. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत मुंबईच्या गिरणगांवांतील कष्टकरी आया अफूची बाळगोळी देऊन मुलाला निजवीत आणि कामावर जात. त्यांचा नाइलाज होता, पण त्याची किंमत मुलांनीं भरली. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधावांचून गुटी, पाणी वा अन्य कांहीं नको. सहाणेवरच्या मुरुडशेंगेपेक्षां सहाणेवरचे आणि पाण्यांतले जंतु तान्ह्याच्या पोटांत आधीं काम करतात.

शेवटीं, घर सोडून डॉक्टरांकडे निघण्याची वेळ कोणती, हें प्रत्येक घरांत सर्वांस पाठ असावें. मूल पिणें सोडतें किंवा प्यालेलें सर्व ओकतें, हांका मारल्या तरी डोळे उघडीत नाहीं, सहा-आठ तासांत लघवी करीत नाहीं, डोळे किंवा टाळू खोल जाते, पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली असतां हळूहळू पूर्ववत् होते, शौचांत रक्त दिसतें, श्वास जलद चालतो, आंकडी येते, यांपैकीं एकहि गोष्ट दिसली कीं किरकोळ हा शब्द संपला. मग सकाळची वाट पाहूं नये. वाटेनेंहि, मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर, चमच्यानें ओ. आर. एस. पाजीत जावें.

त्या रात्रीचें घाबरेपण कमी करण्यास एक साधी वही उपयोगी पडते. मुलाचें ताजें वजन, डॉक्टरांचा आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनि, दिलेलें औषध व वेळ, तापाचा आंकडा, शौच आणि लघवी किती वेळां झाली, एवढेंच तींत लिहावें. रात्रींची पाळी आईकडून आजीकडे किंवा बापाकडे गेली, तरी वहीमुळें औषध दोनदां दिलें जात नाहीं. आणि डॉक्टरांनीं विचारतांच घाबरलेल्या आईला आठवीत बसावें लागत नाहीं. ओ. आर. एस. ची एक पुडी, तापमापक आणि ही वही एका डब्यांत घालून, तो डबा अंधारांतहि हातीं लागेल अशा ठिकाणीं ठेवावा.